विषम ओळींचा माणूस

महादेवपुरा, बंगळूर
बुधवार, ९ जुलै २०२५

प्रिय परसू,

नंदूचा नमस्कार. इकडे मी बरा आहे, गुडघे सोडून. तिकडे तू आता बरा आहेस, पाऊल सोडून. दोघांचा मिळून एक धड माणूस अजून निघेल.

हे पत्र कौशल्यावहिनीच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. फोनवर तू ‘हां, बोल’ आणि ‘बरं, ठेवतो’ यांच्या पलीकडे कधी गेला नाहीस, आणि पत्राला उत्तर तर जन्मात दिलं नाहीस. तेव्हा वहिनी, सावकाश वाचा. झोप लागली तर लागू द्या त्याला.

इकडे हवा छान आहे, आषाढात स्वेटर लागतो. खालच्या मजल्यावरचे व्यंकोजीराव बागेत रोज भेटतात. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं म्हणे. मराठीच बोलतात, पण त्यात कानडी अशी मिसळलेली, की ओळखीच्या घरात दुसऱ्या कुणाचं सामान मांडून ठेवल्यासारखं वाटतं. “काय की अण्णा, तोंड का असं? स्वल्प काफी घेऊया, चला.” माणूस लाघवी. परवा न राहवून त्यांना आपल्या चौथीच्या पुस्तकातल्या नदीच्या कवितेची पहिली ओळ म्हणून दाखवली, चालीवर, आणि सवयीने थांबलो. ते म्हणाले, “बरी आहे की. पुढे?”

परसू, पुढे म्हणायचं काम तुझं होतं. गुरुजींनी आपल्याला एका बाकावर बसवून वाटणीच करून दिली होती, विषम ओळी माझ्या, सम ओळी तुझ्या. डस्टर टेबलावर आपटून ते ठेका धरायचे आणि आपण आलटूनपालटून ओरडायचो. त्यामुळे माझ्या डोक्यात सगळ्या कविता अजून अशाच आहेत, एक ओळ सोडून एक. मधल्या जागी तुझा आवाज ऐकू येतो, शब्द मात्र येत नाहीत. व्यंकोजीरावांना म्हटलं, “पुढचं गावी राहिलं.” ते म्हणाले, “सरी,” म्हणजे बरं, “मग मागवून घ्या की.”

आता तुझ्या दुखण्याकडे येतो. खिळा लागलेल्या पायावर हळद दाबून आठवडाभर फिरलास, याबद्दल तुला बोलायचं नाही असं ठरवलं होतं. गाढवा!

माझ्या संयोगिताचं काम काय आहे हे तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण मलाच ते धड कळलं नव्हतं. ती डॉक्टर आहे, पण तिच्यासमोर रोगी नसतो, पडदे असतात. लहान गावांतल्या दवाखान्यांचे आयसीयू तिच्या ऑफिसला जोडलेले आहेत. तिकडे खाटेवर माणूस, इकडे पडद्यावर त्याची नाडी, रक्तदाब, श्वास. खाटेजवळ एक कॅमेरा आणि एक स्पीकर. काही बिघडतंय असं दिसलं की ही इथून तिथल्या सिस्टरला सांगते, औषध वाढवा, कमी करा. आपल्या तालुक्याचा दवाखानाही त्यात आहे, हे मला माहीतच नव्हतं.

तुला तिथे दाखल केलं त्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढताच म्हणाली, “बाबा, परसूकाकांचं आडनाव काय?” मी सांगितलं. “हं,” म्हणाली आणि आत गेली. मी समजलो.

“कसा आहे तो?” दाराबाहेरूनच विचारलं.

“बाबा, प्लीज. पेशंटचं घरच्यांशिवाय कुणाला सांगता येत नाही.”

“मग मी कोण?”

“कागदावर कुणी नाही.”

वहिनींचे उपकार, की त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला फोन करून सांगितलं, “अगं, भाऊजींना तूच सांगत जा. मला बोलायला गेलं की रडू येतं.” तेव्हापासून संध्याकाळी तुझी बातमी आमच्या घरी येऊ लागली.

रक्तात जंतू पसरले होते आणि दाब टिकत नव्हता. सोनोग्राफीसारख्या यंत्राने तुझं हृदय पाहिलं, तर तेही दमलेलं होतं. दंडाचा पट्टा मधूनमधून दाब सांगतो, तेवढ्यावर भागेना, म्हणून तुझ्या मनगटाच्या धमनीत बारीक नळी घातली. मग प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर लाटेसारखा दिसायला लागला. संयोगिताने विजेच्या बिलामागे ती लाट काढून दाखवली. सरळ चढ, मग उतार, आणि उतारात एक इवलासा खळगा. हृदयाची झडप मिटते त्याची ती खूण.

“अगं, ही तर यती!” मी म्हणालो.

“काय?”

“ओळ म्हणताना मधे आवाज क्षणभर टेकतो ना, ती जागा.”

“असू दे, यती तर यती,” ती हसली. मग दोन दिवसांनी आपणहून म्हणाली, “बाबा, आज काकांची यती मस्त दिसत होती.” डॉक्टरीण बोलतेय की माझी मुलगी, क्षणभर कळेना.

तुझा सरासरी दाब पासष्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं त्यांचं ठरलेलं, त्यासाठी थेंबाथेंबाने औषध चालू. जन्मभर पस्तिसावर पास झालेल्या माणसाला पासष्ट म्हणजे जरा जुलूमच. एके दुपारी आकडा एकदम घसरला. औषध वाढवायला सांगणार, तोच तिला वाटलं, नाडी शांत आहे, लाटही तशीच आहे, मग हे काय? तिने स्पीकरवरून विचारलं, “हेमलता सिस्टर, बेड खाली घेतलात का?”

“हो मॅडम, अंग पुसायला.”

दाब मोजणारा भाग वरच दांडीला राहिला होता आणि तू खाली गेला होतास. तो छातीच्या पातळीत आणला आणि आकडा जागेवर आला. “मोजणारं छातीच्या वर राहिलं ना बाबा, की आकडा खोटं बोलतो,” ती म्हणाली. हे वाक्य मी बरेच दिवस घोळवतो आहे.

मग श्वासासाठी नरड्यात घातलेली नळी काढली त्या दिवशीची गंमत. शुद्ध पाहायला नाव, गाव, वार विचारतात. तिने ते सगळं विचारलं, तू कुरकुरत उत्तरं दिलीस. मग तिच्या काय मनात आलं कुणास ठाऊक, नदीच्या कवितेची पहिली ओळ तिने स्पीकरवर म्हटली. लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकलेली. आणि तू डोळे मिटूनच, फाटक्या आवाजात, दुसरी म्हणालास. वर म्हणालास, “ही कोण? नंद्याची पोर का?” दाब असा उसळला, की सिस्टर धावत आली.

घरी येऊन संयोगिता म्हणाली, “बाबा, त्या ओळीला पुढे ओळ आहे! मला वाटायचं, ती कविता एवढीच आहे.”

मग तिने ती मला म्हणून दाखवली. परसू, किती वर्षांनी ऐकली रे मी ती. बाकीच्या सगळ्या तुझ्याकडेच आहेत. या खेपेला त्या घेऊन चालला होतास तू, याची तुला काही कल्पना?

वहिनी, इथून पुढे तुम्ही वाचू नका. चष्मा त्याच्या नाकावर ठेवा आणि जरा बाहेर जाऊन चहा घेऊन या.

परसू, तू दुखण्यात पडायच्या आधी आमच्या घरात संध्याकाळी काय बोलणं व्हायचं, सांगतो. “जेवलात?” “हो.” “गोळी?” “घेतली.” मग ती कानाला हेडफोन लावायची. तिचा दोष नाही, दिवसभर परक्या माणसांचे श्वास मोजून ती रिकामी होऊन येते. पण तू आयसीयूत गेलास आणि ती माझ्यासमोर टेबलाशी बसायला लागली. चहा गार होईपर्यंत आम्ही बोलायचो. तुझ्याबद्दल, मग तुझ्यामाझ्याबद्दल, एकदा तर तिच्या आईबद्दलही, आणि ते आम्ही तिच्या तेराव्यानंतर कधी बोललो नव्हतो. मी तिच्यासाठी सांजा करायला लागलो. दुपार कलली की खिडकीत उभा राहायचो. तुझ्या जिवाची काळजी होतीच. पण पावलं वाजली की मी लगबगीने दार उघडायचो, ती नुसती काळजी नव्हती.

सोमवारी ती दारातूनच म्हणाली, “बाबा, काका पास! औषधाशिवाय दाब टिकला. मनगटातली नळी काढली, उद्या वॉर्डात.”

“अरे वा!” मी मोठ्याने म्हणालो. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

मला आनंद झाला नाही, परसू. तू मरावंस असं मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. नुसतं एवढंच वाटलं, की अजून थोडे दिवस तिथेच राहिला असता. पासष्टच्या जरासा वर, पडद्यावर. काल तुझी खाट तिच्या पडद्यावरून गेली. तिथे आता दुसरं कुणी आहे, त्याचं नाव ती मला सांगत नाही. संध्याकाळी आली आणि म्हणाली, “जेवलात?” मी म्हणालो, “हो.”

रात्रभर स्वतःची लाज वाटत राहिली. आज सकाळी वहिनींचा फोन आला, की आळणी आमटी बघून तू ताट सरकवलंस आणि वॉर्डबॉयला म्हणालास, “हे ढोरापुढे ठेव, आणि तेही नको म्हणालं तर मला सांग.” मी दूध तापवत होतो. हसलो, हसतच राहिलो, दूध सगळं ओट्यावर गेलं. तेव्हा कुठे आत काहीतरी सुटलं, आणि तू बरा झालास हे मला खरोखरच कळलं.

हे वाचून झाल्यावर फाडून टाक. वहिनींनी विचारलं तर सांग, नंद्याच्या नेहमीच्या कविता होत्या.

दोन दिवस उशिरा, पण पुरता आनंद झालेला,
तुझा,
नंदू