दाजींच्या ताब्यातलं नाक

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे. नाकाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? माझं म्हणशील तर नाकातलं वाकडं हाड सरळ झालं, बोळे निघाले, आणि एवढ्यावर मी सुखानं बरा झालो असतो. पण तू शुश्रूषेला दाजींना पाठवलंस. जन्मभर कारखान्यांचे बॉयलर तपासून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याचं नाक देऊ नये, एवढं तरी तुला कळायला हवं होतं.

मिठाच्या पाण्यानं नाक हलकेच धुवा, असं डॉक्टर म्हणाले. दाजी आधी पाण्याचं तापमान बघतात, मग "प्रेशर सोडतोय" अशी घोषणा करतात, आणि पाणी दुसऱ्या नाकपुडीतून आलं की "लाइन क्लिअर" म्हणून स्वतःवरच खूश होतात. (हिला त्याचं फार कौतुक. तुझ्या भावजयीला मी सोडून सगळ्यांचंच कौतुक असतं.) वाकायचं नाही म्हणून माझ्या बुटांच्या नाड्या तेच बांधतात, त्याही अशा की सोडवायला कात्री लागते. शिंकताना तोंड उघडं ठेवायचं असतं. परवा दवाखान्यात मला शिंक आली, तर हे "तोंड उघड!" असे गरजले की बाकावरच्या सगळ्यांनीच आ वासला. त्यातले दोघे तर कानाचे पेशंट होते.

हेही मी सोसलं असतं. पण तुला ठाऊकच आहे, साबणाच्या कारखान्यात वास तपासायचं काम माझं. मी मान डोलावल्याशिवाय तिथून एक वडी बाहेर पडत नाही. आणि ऑपरेशननंतर मला वासच येत नाही, ताई. डॉक्टर म्हणतात, सूज उतरली की येईल. त्यांचं काय जातंय! सोमवारी साहेब माझी परीक्षा घेणार आहेत, आणि माझा सहायक आत्तापासूनच माझी खुर्ची आपल्या उंचीची करून बसतो म्हणे. ही भीती मी घरात कुणाला बोललो नाही. दाजी रोज मला डोळे मिटायला लावून साबणाच्या वड्या नाकाशी धरायचे. मी पापण्यांच्या फटीतून रंग बघून ठोकून द्यायचो: गुलाब, चंदन, लिंबू. काल हिरवी वडी बघून ऐटीत "पुदिना" म्हणालो. ती मेणाची होती, हिरवा रंग दिलेली. दाजी काही बोलले नाहीत. वडी खिशात टाकली आणि पाणी गरम करायला गेले.

असलं मौन मला सहन होत नाही. त्यांना ताबडतोब परत बोलावून घे.

तुझा छळ सोसणारा,
धाकटा भाऊ

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात दाजी फिरून आले आणि पायातले मोजे त्यांनी माझ्या खाटेच्या कठड्यावर टाकले. मला वास आला, ताई! इतका घाणेरडा वास मी नोकरीत कधी घेतला नव्हता. मला रडूच फुटलं. दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि दुसरा मोजाही जवळ सरकवला.

पुन्हा ता. क. काम झालं, आता शनिवारी निघतो म्हणतात. सोमवार अजून जायचाय, आणि मला मोज्यांपलीकडे काही ओळखता येत नाही. मी थांबा म्हणालो तर डोक्यावर बसतील. तेव्हा तूच फोन करून सांग, घराचं रंगकाम काढलंय, इतक्यात येऊ नका. माझं नाव मात्र काढू नकोस. वर लिहिलेलं एक अक्षरही मी मागे घेतलेलं नाही.