बाबांच्या दगडावरची चौकट

प्रिय दोल्गोन,

हे पत्र मुद्दाम हाताने लिहिते आहे. फोनवर लिहिलं असतं तर तुझ्याच कंपनीच्या फॉन्टमधून आलं असतं, आणि सध्या मला त्याचं तोंड पाहायचं नाही. वर डोक्याशी शाईने मोठी बिर्गा काढली आहे, ती नीट बघून घे. मजकुराच्या आधी काढायची खूण कशी असते, ते सोलमध्ये राहून तू विसरला असशील.

बाबांच्या कबरीचा दगड पंधरा दिवसांपूर्वी टेकडीवर बसवला. मजकूर मीच कॉम्प्युटरवर लिहिला होता, तुझा फॉन्ट लावून, मोठ्या कौतुकाने. माझ्या पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसत होतं; तुझ्या फॉन्टमध्ये नसलेली बिर्गा माझ्या कॉम्प्युटरने दुसऱ्या फॉन्टमधून उसनी घेतली होती, हे मला मागाहून कळलं. छपाईच्या दुकानात मात्र बिर्गेच्या जागी रिकामी चौकट उमटली, आणि तो कागद मला न दाखवता थेट गोंचिगकडे गेला. हा आपल्याकडचा दगड कोरणारा. दुसऱ्याच्या मजकुरात हात घालायचा नाही, हा त्याचा नेम. त्याने ती चौकट इतकी सुबक कोरली आहे की बघवत नाही. मी त्याच्यावर खूप ओरडले. त्याने शांतपणे चहा संपवला आणि म्हणाला, "मला वाटलं, नवी खूण निघाली असेल. तुमचा भाऊच करतो ना ही कामं?"

गेल्या हिवाळ्यात तूच मला फोनवर हसत हसत सांगितलं होतंस की बिर्गा या खेपेला गाळली, फोनवर ती कोण वापरतंय, पुढच्या आवृत्तीत बघू. त्या खुणेला जगभरच्या कॉम्प्युटरांसाठी केव्हाच क्रमांक ठरवून दिलेला आहे. त्या क्रमांकाला आकार तेवढा काढायचा होता. एका दुपारचं काम, आणि तुला तेही जड झालं.

दुसऱ्या कुणी गाळली असती तर मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. पण तू? शाळेत आपल्या जुन्या मंगोल लिपीचं नाव काढायची सोय नव्हती, तेव्हा बाबांनी चुलीतली राख फळीवर पसरून आपल्याला अक्षरं शिकवली. तू घाईने बिर्गेशिवाय सुरू करायचास, आणि ते सगळी राख पुसून टाकायचे. "कुत्रा आवरा अशी हाक न देता कुणाच्या घरात शिरतोस का रे?" तुझं नाक लाल व्हायचं, पण पुन्हा काढायचास. आता बाबांच्याच डोक्याशी हाक नाही. मला इतका राग आला आहे की तू समोर असतास तर ती राखेची फळी तुझ्या डोक्यात घातली असती.

तू मातीला आला नाहीस, सुट्टी मिळाली नाही म्हणालास. तेही मी गिळलं. पण आईचं ऐक. तिला जुनी लिपी वाचता येत नाही, तुला ठाऊकच आहे. दगड बसवल्यावर तिने त्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि सगळ्या शेजाऱ्यांसमोर म्हणाली, "ही माझ्या दोल्गोनची खूण. त्याला येता आलं नाही, म्हणून त्याने बापासाठी दार काढून पाठवलं." आता मटणाच्या बूजसाठी पाऱ्या लाटताना ती पाटावरच्या पिठात तीच चौकट काढते आणि लगेच हाताने पुसते. मला ते बघवत नाही, आणि तिला खरं सांगायची माझी छाती होत नाही. गोंचिग म्हणतो, चौकटीच्या आत दगड सपाट आहे, बिर्गा सहज मावेल. पण ती घरच्याच माणसाने कोरावी, तो हात लावणार नाही. मी कोरू शकते. कोरणार नाही. बर्फ पडायच्या आत ये. छिन्नी त्याच्याकडून आणून ठेवली आहे. आणि चौकट रिकामी का होती, ते आईला तूच सांग.

अजून तरी तुझीच,
खांडमाताई