जुन्या पट्ट्याचा आकडा

वैनी,
आत्ता कुठं तुमचा डोळा लागलाय, म्हणून उठवलं न्हाई. दादाला नऊला ऑपरेशनला आत घेणार हायत, मी पुढं जातो. चहा थर्मासमध्ये हाय. आईला घेऊन या.

आज कुरिअरवाला येईल. दादाला छातीला बांधायला ठोके मोजायचा नवा पट्टा शनिवारी मागवला होता. पळताना सरकत न्हाई, सायकलच्या मीटरलाही जोडतो. आठवडाभर बघून मीच निवडला. घेऊ नका, परत पाठवा.

जुना बिघडलाय असं मीच ठरवलं होतं. यवतेश्वरच्या चढाला तो सारखा एकशे नव्वदच्या वर दाखवायचा. दादा थांबला की मी म्हणायचो, "पट्टा कोरडा पडलाय, म्हणून चुकीचं दाखवतोय. थुंकी लाव आणि पळ." रविवारीपण तेच म्हणालो. त्यानं थुंकी लावली आणि पळाला. पुढच्याच वळणावर पडला.

काल डॉक्टरांनी त्याच्या मोबाइलमधले पट्ट्याचे सगळे आकडे बघितले. जुन्या पट्ट्यात काही बिघाड न्हाई म्हणाले.

हे तुमाला माझ्याकडनंच कळावं, म्हणून लिहिलं. थुंकी लावताना दादानं विचारलं होतं, "आकडा खरा असंल तर रं?"
मी हसलो होतो.

जयराज