माझ्या हातचा त्रिकोण

शुक्र., २ जाने.
दवाखान्यात सकाळची ड्यूटी. घरी येऊन भूमितीची वही उघडली. त्रिकोणाचे दोन कोन दिलेत, तिसरा काढा, इथवर ठीक. एखादी बाजू बाहेर वाढवलेली दिसली की डोकं बंद. तन्वीला विचारलं. नववीतली पोरगी, मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, हे आम्हाला कधीच झालंय." म्हटलं, तुझ्या वयात मी आईबरोबर धुणीभांडी करत होते.
छत्तिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेय. गृहपाठाची वही केंद्रावर स्वीकारली गेली नाही तर सगळंच लटकलं. दहावी नाही तर नर्सिंगचा कोर्स नाही, जन्मभर आया.

सोम., ५ जाने.
समोरच्या दारातले सॅमसनकाका देवासारखे धावून आले. तीस वर्षं सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे काढलेत. "आण वही." पेन्सिलीला टोक काढून माझ्याच वहीत त्रिकोण काढला, कोपऱ्यात बारीक अक्षरं. अगदी छापल्यासारखा. "कळलं?" "हो काका."
कळलं नव्हतं. एवढ्या सुंदर आकृतीसमोर नाही म्हणायला जीभ वळेना.

बुध., ७ जाने.
आठ गणितं झाली, वही पूर्ण. आकृत्या काकांच्या, उत्तरंही जवळजवळ त्यांचीच. मी शेवटी तेवढं अंशाचं चिन्ह काढते. पालथ्या घड्यावर पाणी.
काका रविवारी लेकीकडे चाललेत, इस्रायलला. "दोन महिने गं." पण भांडी वाटून टाकतायत. मला काकींची कढई दिली. मी ती फडताळात वरच ठेवली.

शुक्र., ९ जाने.
केंद्रावर वही दिली. गणिताच्या सरांनी पानं उलटली, एका आकृतीवर बोट ठेवलं. "ताई, ही तुम्ही काढली?"
हो म्हटलं. का म्हटलं?
"मग सोमवारी साडेतीनला या. माझ्यासमोर एक सोडवा. नाही जमलं तर ही वही मी घेणार नाही." वही परत हातात. हात दाखवून अवलक्षण. रिक्षात रडू आलं. राग सगळा स्वतःचा.
हे गोडाऊनच्या कामावरून आले, तेव्हा सांगितलं. "खोटं कशाला बोललीस? बरं, तुला येतंय का नाय, ते सांग."
नाही येत. पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं.
काकांकडे धावले. काका ज्यू; त्यांची शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिव्यांची तयारी चाललेली. "उद्या दुपारी ये." म्हटलं, शनिवारी तुम्ही पेनही धरत नाही. "तू ये तर."

शनि., १० जाने.
बॅगा दाराशी, कालच भरून ठेवलेल्या. सवयीने पेन्सिल त्यांच्यापुढे केली. काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. "आमच्या आज्याचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. माझी पेन्सिल बंद. तू काढ, मी बोलतो."
माझा त्रिकोण म्हणजे चेपलेला समोसा. AB आणि AC सारख्या हव्यात, माझ्या कुठल्या सारख्या! "असू दे. सारख्या मान, दोन्हीवर खूण कर. आता BC बाहेर D पर्यंत वाढव. बाहेरचा कोन ११५. आतला किती?"
"११५."
काकांचे हात मांड्यांखालीच. एरवी आत्तापर्यंत त्यांची पेन्सिल बरोबर जागी गेली असती. मी वाट बघत बसले. मग लक्षात आलं, पेन्सिल माझ्याच हातात आहे. रेषेवरून बोट फिरवलं. B पासून D पर्यंत सरळ. सरळ म्हणजे १८०. मग आत ६५! बाजू सारख्या, म्हणून B पाशीही ६५. वर उरले ५०. एवढ्या मोठ्याने ओरडले की तन्वी धावत आली.
नऊ गणितं केली. पाच आधी चुकली, पण चूक मीच शोधली. दिवेलागणीनंतर शब्बाथ संपला. मी पेन्सिल पुढे केली, "काका, एक तरी नीट काढून दाखवा."
"आता कशाला?" घेतली नाही. मग हळूच म्हणाले, "तुझ्या वहीत मी हात घालायला नको होता, सुरेखा."

रवि., ११ जाने.
पहाटे काका गेले. किल्ली माझ्याकडे. दार बंद बघवत नाही.
नवी वही आणली. आठही गणितं पुन्हा, आकृत्या माझ्या. तन्वी शेजारी बसली. "आई, बाजू कुठून वाढवलीय ते आधी बघ." आज मोबाईल आत ठेवून आली होती.

सोम., १२ जाने.
केंद्राबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.
आत गेल्या गेल्या सांगून टाकलं. सर, त्या आकृत्या माझ्या नाहीत, मी खोटं बोलले. ह्या माझ्या. दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. सरांनी दोन्ही उघडून शेजारी शेजारी लावल्या. मग त्यांनी कागद दिला. त्रिकोण PQR, P पाशी बाहेरचा कोन १२०, R हा Q च्या दुप्पट. पट्टी दोनदा सरकली. Q ४०, R ८०, P ६०.
सरांनी कागद उचलला. "बाहेर बसा."
दोन्ही वह्या घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलेत. पाऊण तास होत आला. ह्यांचा दोनदा फोन, उचलला नाही. काय सांगू?
ह्या रोजनिशीच्या मागच्या पानावर पुन्हा करून बघितलं. ४०, ८०, ६०. आत काय ठरेल ते ठरो, गणित बरोबर आहे. कुणाला न विचारता कळतंय मला.
शिपाई माझं नाव पुकारतोय