सरसाची गाडी

बेंगळूर, ऑगस्ट १९६२

ती. गोदूअक्कास,
जयतीर्थाचा नमस्कार.

मोटारीमागे जोडायची लाकडी खोली मी पुन्हा बांधली. उडुपीच्या वाटेवर तुझा स्वयंपाक, झोप, सोवळं सगळं आपल्याच छपराखाली व्हावं, म्हणून हा खटाटोप. पहिली किती हलकी झाली होती! कापडी छत खाली घेतलं की मी एकटा ती गॅरेजात ढकलत असे.

तू आलीस, शेगडीचा कोपरा पाहून हसलीस आणि सुताराला विचारलंस, "परसू, या पातळ फळ्या कशानं रे चिकटवल्यास?"

"सरसानं, अव्वा. कातडं उकळून करतात."

"अय्यो जयू! चामड्याच्या डब्यात बसवून मला कृष्णाकडे नेणार होतास?" म्हणालीस, अंघोळ केलीस आणि गावी परत गेलीस.

मला ते सुचलंच नव्हतं. आता सरसाचा थेंबही नाही. सगळीकडे सागाच्या पट्ट्या आणि स्क्रू. पण वजन फार वाढलं. काल नंदीच्या चढावर ओढून पाहिलं, मोटार अर्ध्यावर थांबली. उडुपीकडे घाट सावकाश उतरता येईल, परतताना चढता येणार नाही. आणि डॉक्टरांच्या मते दिवाळीनंतर तुझ्या हृदयाला प्रवास झेपायचा नाही. तेवढ्यात तिसरी गाडी होणं नाही.

पाकिटावर पत्ता घालून ते देवापुढे ठेवलंय, पण हे पत्र टपालात टाकवत नाही. तुझं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय : "उतरेल ना? मग सरी, झालं तर. मला परत कुठं यायचंय?"

तुझा धाकटा,
जयू