गाडी अजून तयार नाही

तायवलकोस्की,
९ ऑक्टोबर १९८६

प्रिय औने,

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला हे वाचून जिवाला बरं वाटलं. आम्ही दोघं ठीक आहोत. तळ्याच्या कडेनं बर्फाची पातळ साय धरायला लागली आहे. बटाटे तळघरात गेले, मुरंबा झाला.

कधी येतेस, कधी येतेस म्हणून तू विचारतेस. अगं, गाडी अजून तयार नाही! शाळेच्या मास्तरांकडून घेतली तेव्हा म्हातारी असली तरी धडधाकट वाटली होती. घरी आणून चालवणाऱ्याच्या पायाखालचं रबर उचललं, तर खाली पत्राच नाही, थेट जमीन दिसते. बॅटरी गारठ्यात राहिली की सकाळी नुसती कण्हते. रेडिएटरमध्ये मास्तरांनी साधं पाणी भरून ठेवलेलं. पहिल्या कडक थंडीत इंजिन फुटलं असतं. ते काढून न गोठणारं औषध घालायचं, तर खालची तोटी गंजून घट्ट बसलेली. काल तिच्याशी झटताना पाना सटकला आणि माझी बोटं सोलून निघाली. तिथंच गोठ्याच्या फरशीवर बसून रडले. दुखलं म्हणून नाही गं, रागानं.

हो, काम गोठ्यातच चाललंय. जागा रिकामीच आहे.

टाउनो कॉफीचा कप घेऊन दारात उभा राहतो.

"या डब्याला चाकं कशाला हवीत, हेल्वी? कोंबड्या ठेव त्यात."

"तू आत जा."

"दुकानाला जायचं तर माझी गाडी आहे की."

"तुझी आहे, तेच तर."

मान हलवून जातो. मी दुकानाला आणि चर्चला जायला गाडी घेतली असं त्याला वाटतं. वाटू दे. तू म्हणतेस, सरळ बसनं ये. बसनं निघाले तर थांब्यापर्यंत सोडायला तोच येणार, आणि त्याच्या शेजारी बसून मी घर सोडून चालले हे मला सांगता यायचं नाही.

तुमच्या इस्पितळातल्या स्वयंपाकघरातली कामाची जागा माझ्यासाठी आणखी थोडे दिवस धरून ठेवायला सांग. आणि कारण विचारू नकोस. गाडी हेच कारण आहे.

तुझी,
हेल्वी


तायवलकोस्की,
६ नोव्हेंबर १९८६

प्रिय औने,

सप्रेम नमस्कार. बर्फ पडून रस्ते पांढरे झाले. आता सगळं लिहिते.

मी एप्रिलमध्ये दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. परत आले तर गोठा रिकामा. सगळ्या गाई टाउनोनं ट्रकमध्ये चढवून देऊन टाकल्या होत्या. मला एका शब्दानं विचारलं नाही. "तुझी पाठदुखी सुटली बघ," म्हणाला, आणि माशाचं सूप वाढून घेतलं. लग्न झाल्यापासून पहाटे उठून ज्यांच्या पाठीवर हात फिरवला, त्यांना शेवटचं बघूही दिलं नाही त्यानं. तेव्हापासून जेवण आणि लाकडं एवढ्यापुरतंच मी त्याच्याशी बोलते. हे तुला लिहायला बसायचे आणि बॅटरीचं रडगाणं लिहून उठायचे.

तर मागचं पत्र टाकून आले आणि बघते तो टाउनो गाडीखाली आडवा. ती तोटी त्यानं सोडवली होती. मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?" तो खालूनच म्हणाला, "दिवा जरा इकडे धर." मी धरला, काय करणार! मग त्यानं पायाखाली नवा पत्रा जोडला, नवी बॅटरी आणली, इंजिन ऊबदार ठेवणारा हीटर बसवला, दारांच्या रबराला चरबी चोळली, बर्फावर न घसरणारे खिळेवाले टायर चढवले. मी शेजारी उभी राहून पाने देत होते आणि आतून जळत होते. माझी गाडी होती ती, औने. माझी सोललेली बोटं होती.

मंगळवारी म्हणाला, "चल, चालवून बघू." मी चालवायला बसले, तो बाजूला. गाडी काय सुरेख चालली! मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर आलो तर म्हणाला, "थांब." आणि उतरला.

"इथून पुढं सरळ औलूचा रस्ता, औनेच्या गावाचा. पुदासयार्वीच्या पुढं जपून, तिथं वारा आडवा येतो. कपडे डिकीत ठेवलेत. राय ब्रेड आणि कॉफी मागच्या सीटवर आहे."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"औनेचा फोन आला होता, तू दुकानात असताना. तिला वाटलं मला माहीत आहे. जा आता. मी चालत जाईन."

दार लावून तो वळलासुद्धा.

तुला राग येईल, पण त्या क्षणी मला भरून वगैरे आलं नाही. माझी कानशिलं तापली. गाई गेल्या तेव्हा विचारलं नाही, आणि आता मी जायचं तेही यानंच ठरवायचं? दिवस याचा, वेळ याची, माझे कपडेही यानंच भरायचे? मी त्या बर्फात गाडी वळवली. दोनदा घसरली, एकदा खांबाला लागता लागता राहिली. त्याला गाठून काच खाली केली.

"बस आत."

"अगं, पण तू..."

"बस म्हणते ना!"

घरी येऊन त्याला टेबलाशी बसवलं आणि एप्रिलपासूनचं सगळं ओकले. तो कपाकडे बघत राहिला. मग कप बाजूला सारून म्हणाला, "बादल्या उचलताना तू भिंत धरायचीस. मला बघवत नव्हतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मग?"

"मग माझं 'नाही' ऐकायचं होतंस, टाउनो. ऐकून घ्यायचं होतंस."

त्यानं मान खाली घातली. डोळे पुसले का, ते मी बघितलं नाही. मुद्दामच उठून चुलीत लाकूड घातलं. मग माझ्या तोंडानं सांगितलं: शनिवारी जेवून निघणार, हिवाळाभर औनेकडे राहणार, काम करणार. पुढचं पुढं. "मी जाऊ नये असं वाटतं का तुला?" असंही विचारलं.

"वाटतं," म्हणाला.

सात महिन्यांत हा एक शब्द त्यानं मला दिला. तो घेऊन मी येते आहे. गोड मानून घ्यावा की डोकं आपटावं, कळत नाही.

शनिवारी उशीर झाला तर घाबरू नकोस, मी सावकाश चालवते. आणि परत जाणार का, हे आल्या आल्या विचारू नकोस. ठरलं की आधी त्याला सांगेन, मग तुला. फोनवर मात्र यापुढं माझ्या वतीनं कुणाला काही सांगायचं नाही, बजावून ठेवते.

स्वतःच्या दिवशी, स्वतःच्या मर्जीनं येणारी,
तुझी हेल्वी