घशाखालची चव

४ मार्च २०१६, शुक्रवार

काळी! तव्याच्या बुडासारखी काळी. टाकीतून पहिला ग्लास काढून खिडकीशी धरला तेव्हा कडेला लालसर झाक दिसली, म्हणजे रंग बरोबर. फेस तपकिरी, जाड, लवकर बसत नाही. ह्या काळ्या बिअरला पोर्टर म्हणतात म्हणे. आमचे मालक, देगलूरचे नरसिंगराव, मेव्हण्याकडे लंडनला गेले, तिथे प्याले आणि झपाटून परत आले. आता लातूरजवळच्या आमच्या एवढ्याशा बिअर कारखान्यात हीच काढायची!

वास घेतला. मालकांच्या इंग्रजी पुस्तकात कॉफी, चॉकलेट असं काय काय लिहिलंय. मला आला करपलेल्या भाकरीचा, मागे थोडी काकवी. तेच लिहिलं. मालक म्हणाले, लेबलवर भाकरी कशी छापायची? मी म्हटलं, भाकरी खाणाऱ्यालाच विकायची असेल तर छापा की.

एक घोट तोंडात घेतला, जिभेवर फिरवला, थुंकला. चूळ भरली. कॉलेजात दुधाची परीक्षा अशीच शिकवली होती. नाव पंचशीला आणि पगार बिअर चाखण्याचा — नातेवाईक हसून हसून दमले. पण नोकरी लागली तेव्हाच मी बाबांना शब्द दिलाय. तोंडात घेईन, पोटात घेणार नाही. दारू न पिण्याचं पाचवं शील शाबूत, पगारही शाबूत!

७ मार्च

चाखायला अजून चौघांना बसवलं. प्रत्येकापुढे ओळीने ग्लास, पाण्याचा तांब्या आणि थुंकायला घमेलं. समजावून सांगितलं — घोट, थुंका, चूळ, पुढचा ग्लास.

एकही थुंकला नाही! शहरात नळाला दोन-दोन आठवडे पाणी नाही, घागरीवरून भांडणं होऊन राहिली, आणि इथे तोंडात घेतलेलं पाणी टाकून द्यायचं? चूळसुद्धा गिळली सगळ्यांनी. मग बिअर थुंकायचा तर प्रश्नच नाही. बॉयलरवरचा धोंडप्पा निलंग्याकडचा, कानडी मिसळून बोलतो. प्रत्येक ग्लासला "छलो अद!" म्हणजे झकास आहे. शेवटचे दोन ग्लास तर फिकट बिअरचे होते, तेही छलो अद. दहापैकी दहा सगळ्यांना. मग तो बॉयलरला टेकून बसला आणि त्यालाही छलो म्हणाला.

सगळे कागद फाडले. माझ्या एकटीचे गुण धरायचे असं ठरलं. थुंकणारी मी एकटीच ना! मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, आमची ताई थुंकते बघा, फॉरेनसारखं.

९ मार्च

घरी आई म्हणाली, तू चाख का थुंक, येताना कारखान्यातून एक कॅन पाणी आण. दुसरं काही विचारत नाही हल्ली.

११ मार्च

मालकांनी बोलावून दार लावलं. नळाचं पाणी आमचंही तोडलंय. राहिली बोअर, ती खोल गेली आणि पाणी जड झालं. त्या पाण्यात फिकी बिअर बिघडते, खडू विरघळवल्यासारखी लागते. काळीला जड पाणी मानवतं, भाजलेलं धान्य ते पोटात घालतं. म्हणजे लंडनचं वेड अर्धंच खरं. दुसरं काही बनवताच येत नाही, हे उरलेलं अर्धं!

पुण्याच्या एका हॉटेलवाल्याला ही पाहिजे. त्याला आवडली तर कारखाना चालू. नाहीतर पाऊस पडेपर्यंत कुलूप, सगळ्यांना घरी. मीही आले त्यात. बाबांच्या एस.टी.तल्या पेन्शनवर घर किती चालतं ते मला माहीत आहे.

जाताना मालक म्हणाले, उदगीर जिल्हा झाला की पहिलं दुकान तिथे. जागाही घेऊन ठेवलीय. जिल्हा व्हायची हूल दरवर्षी उठते. जिल्हा होईना, पाऊस येईना, पण मालकांचं आपलं नारळ फोडणं चालूच.

२१ मार्च

पहिली टाकी पास केली. रंग, फेस, वास, जिभेवर गोडसर मग कडवट — सगळं जिथल्या तिथे. खुशीत सही ठोकली. मला कळतं यातलं, असं वाटलं. का नको वाटू?

२ एप्रिल

पुण्याचे पाहुणे आले, तेच हॉटेलवाले. शांत माणूस. एक घोट घेतला. गिळला. थांबला. मग तोंड असं केलं की कुणीतरी कारल्याचा रस पाजलाय. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघून राहिलो. ही कोणी पास केली, त्यांनी विचारलं. मालकांनी मला पुढे केलं. फॉरेनसारखं थुंकण्याचं कौतुकही करून टाकलं!

पाहुणे हसले नाहीत. म्हणाले, "ताई, ती रीत वाइनची, चहाची. बिअर गिळल्याशिवाय कळत नाही. हिची खोट घशाखाली आहे."

लाजेने कान तापले. इतकी वर्षं मी अर्धीच बिअर चाखत आले! आणि ते चौघं गिळणारे, ज्यांचे कागद मी फाडले — त्यांना तरी कुठे कळलं म्हणा, झिंगले होते.

दुसरी टाकी मुरायला ठेवलीय. पाहुणे म्हणाले, ती तुम्ही गिळून बघा. जीभ चांगली आहे तुमची. तुम्ही हो म्हणालात तर मी गाडी पाठवतो, परत बघायला येत नाही. झालं! आता सगळा कारखाना माझ्या घशात अडकला.

३ एप्रिल

बाबांना सांगितलं. वाटलं होतं रागावतील, किंवा म्हणतील कामच आहे, घे. दोन्ही बरं झालं असतं. ते भांडी ओळीने लावत होते, टँकर येणार होता. वर न बघता म्हणाले,

"शील म्या दिलं न्हाई तुला, पोरी. तू घेतलंस. मला कशाला इचारतीस?"

आणि घागर घेऊन गेले. मला इतका राग आला! नाही म्हणायला काय जात होतं यांचं? रात्रभर तळमळले.

६ एप्रिल

गिळली.

पोटात ऊब उतरली. जिभेवर तीच गोड-कडवट, सुरेख. मी हो म्हणणारच होते. मग मागून आली — राख आणि गंज, घशाला चिकटून बसणारी. बोअरचं पाणी! भाजलेल्या धान्याने झाकलेलं, पण घोट उतरला की उघडं पडणारं. खात्रीसाठी परत गिळली. परत राख.

मालक हात जोडून उभे राहिले. एवढा मोठा माणूस! म्हणाले, "पंचशीलाताई, एक बार हाव म्हणा. पाऊस पडला की पाणी गोड होतंय."

धोंडप्पा दारात उभा होता. मी नाही म्हणाले. शील मोडून जे कळलं तेही खोटं सांगायचं, तर मग मोडलं कशाला? घरी येईपर्यंत रडत होते.

१२ एप्रिल

मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. गाव बघायला लोटलं. आम्ही कारखान्यात. दारू खात्याच्या सरकारी साहेबांसमोर दोन्ही टाक्या गटारात सोडल्या. काळा फेस वाहत राहिला, फाटकाबाहेर बाया घागरी घेऊन बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, पाणी होतं ना गं आत ह्याच्या?

मालकांनी कुलूप लावलं. मला म्हणाले, जीभ सांभाळा. चिडून म्हणाले की कळवळून, समजलं नाही.

१३ एप्रिल

नोकरी नाही. कॅनभर पाणीही नाही. आईने रिकामा कॅन माळ्यावर टाकला.

२० एप्रिल

बाबा सकाळीच टँकरच्या रांगेत गेले. नमुन्याची एक बाटली माझ्या पिशवीत राहिली होती. मोरीत बसून सगळी प्यायले. राख लागली, तरी प्यायले. कुणी गुण मागितले नव्हते.